फुर्गोन खिंडीत का थांबली

४ एप्रिल

तो गेल्याचे एकोणपन्नास दिवस काल संपले. लामा पोथी वाचून गेला. आता त्याच्या वस्तूंना हात लावला तर चालतो म्हणे. मी कशालाच लावला नाही. टोपी खुंटीवर आहे तशीच आहे.

फुर्गोन, आमची जुनी रशियन व्हॅन, बाहेर उभी आहे. गोंबो काकांनी दोराने ओढून आणून सोडली तेव्हापासून तिथेच, खिंडीकडे तोंड करून. शेळ्या तिच्या आडोशाला बसतात. मला तिच्याकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं. आमच्या घेरमध्ये, या लोकरी तंबूत, कोणी घेत नाही. इथे लिहायला कोण अडवतंय? यादाम. यादाम. यादाम.

५ एप्रिल

शारव आला होता. यादामचा धाकटा भाऊ, दीर माझा. आईंनी आपल्या धाकट्याला दिलेला चहा अर्धाच प्यायला. जाताना बाहेर म्हणाला, "वहिनी, ती गाडी भंगारात घाल. अपशकुनी आहे."

म्हटलं, जून उजाडला की उन्हाळी तळावर जायचंय, घेर काय डोक्यावर नेऊ?

"माझा उंट ने."

हा माणूस कसलंही इंजिन डोळे मिटून खोलतो. सगळा तालुका याच्याकडे गाड्या घेऊन येतो. आणि सख्ख्या भावाच्या गाडीकडे पाठ करून उभा राहतो!  राग आला. अजून आहे.

९ एप्रिल

वसतिगृहातून नंदिनचा फोन. रडत नव्हती, ते जास्त लागलं. वर्गातली एक मुलगी म्हणाली म्हणे, "तुझा बाप पेट्रोल भरायचं विसरला. प्यायलेला होता." पोर बारा वर्षांची आहे. त्सागान सारला तिला घरी आणायलाच तर तो निघाला होता. नवीन वर्षाचा सण, आई तिच्यासाठी पांढऱ्या साखरेची बोर्त्सोग बिस्किटं तळत होत्या.

मला विचारलं, "आई, बाबा प्यायले होते?"

नाही म्हटलं. ते मला ठाऊक आहे, सकाळी माझ्या समोर चहा पिऊन उठला. पण पेट्रोलचं मला काय ठाऊक? मी मेंढ्यांमागे होते. निघताना मी नव्हतेच.

फोन ठेवला तर आई मागे उभ्या. सगळं ऐकलेलं. शांतपणे म्हणाल्या, "भरलं होतं त्याने. डब्यातून ओतलं, मी समोर होते. त्याने झाकण लावलं, मी त्यावर लोणी लावलं, दूध शिंपडलं. मी सगळ्यांना सांगितलं. म्हातारीचं कोण ऐकतं?"

मग माझा हात धरला. "तू बघ पोरी. तू अठरा वर्षं गाडीखाली त्याला पाने-पकडी दिल्यास. ती का थांबली ते शोधून काढ. माझा मुलगा बेफिकीर नव्हता, एवढं मला कानांनी ऐकू दे. मग मी मरायला मोकळी."

१० एप्रिल

आज हात लावला.

टाकीचं झाकण निघेना. वर धूळ आणि शेळीचे केस बसून दगड झालेला. हातोडीने ठोकून सैल केलं. मग काठी आत घातली.

अर्धी टाकी भरलेली. अर्धी!

काठी हातात धरून गाडीच्या पायरीवर बसले. ओल्या काठीला पेट्रोलचा वास, त्याच्या डेलच्या बाह्यांना यायचा तोच. खूप रडले. मग उठून आईंना काठी दाखवली. त्यांनी ती कपाळाला लावली.

११ एप्रिल

गोंबो काकांकडे गेले. त्यांचा हिवाळी तळ खिंडीच्या खाली आहे. यादाम गाडी सोडून त्यांच्याचकडे चालत निघाला होता. वादळात दिशा चुकली. त्यांनाच तो सापडला, गोठलेला. म्हणून आजवर मला त्यांच्याशी नीट बोलता आलं नाही.

म्हटलं, काका, टाकी रिकामी होती असं तुम्ही म्हणालात.

"होती."

उघडून पाहिलीत?

म्हातारा घोटाळला. "नाही गं. झाकण गोठलेलं. पण पंपाची दांडी हाताने मारून बघितली की. एक थेंब वर आला नाही. कार्ब्युरेटर कोरडा ठक्क. मग काय समजायचं माणसाने?"

टाकी अर्धी भरलेली आहे म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली. बराच वेळ डोकं खाजवत बसले. "म्हणजे मी तालुकाभर खोटं सांगत फिरलो, यांजमा?"

तुम्ही पाहिलं तेच सांगितलंत, म्हटलं. तरी ते टोपी घालेनात. निघताना त्यांच्या गाडीची बॅटरी मागितली, त्यांनी स्वतः खांद्यावरून आणून दिली.

म्हणजे आता एवढं ठरलं. पेट्रोल होतं, पण इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. का नव्हतं?

१३ एप्रिल

सुरू झाली! हँडल मारून मारून दंड गळाले, पण दांडीला पेट्रोल आलं आणि सुरू झाली. घेरभोवती तीन फेऱ्या मारल्या. आईंनी पळीने चारी दिशांना दूध उडवलं.

काहीच झालेलं नसल्यासारखी चालते. हे जास्त भयंकर आहे. काहीच बिघडलेलं नाही तर मग तो मेला कशाने?

१६ एप्रिल

बंद पडली. विहिरीच्या पुढच्या चढावर. आधी दम लागल्यासारखी झाली, आचके दिले, मग गप्प. दांडी मारली, थेंब नाही. अगदी गोंबो काकांनी सांगितलं तसंच.

उतरून टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोल आहे ना म्हणून. होतं. झाकण लावलं. पंपाच्या नळीवर दोन-चार टोले हाणले, शिव्या दिल्या आणि पुन्हा दांडी मारली तर आलं पेट्रोल. सुरू झाली. घरी आले.

नळीत कचरा असणार.

१७ एप्रिल

नळीत कचरा नाही.

२२ एप्रिल

फिल्टर बदलला. टाकीच्या तळाला ओढनळीच्या तोंडाशी जाळी असते, ती काढून धुतली. नळ्या तोंडाने फुंकल्या, जीभ दोन दिवस पेट्रोलने बधिर. दर वेळी तेच. चांगली चालते, मग चढावर मरते. मी उतरते, पेट्रोल आहे ना बघते, काहीतरी सैल करते, काहीतरी आवळते आणि ती सुरू होते. दर वेळी वाटतं, सापडलं! आणि दर वेळी तोंडावर आपटते.

यादाम असता तर हसला असता. म्हणाला असता, "गाडीला काही झालेलं नाही, तिला तुझा स्वभाव कळलाय." एकदा खरंच म्हणाला होता असं, मी दार आपटलं तेव्हा.

रस्त्यात शारव भेटला, मोटरसायकलवर. त्याला सगळं सांगितलं, एकदा येऊन बघ म्हणून अक्षरशः हात जोडले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कळून काय होणार वहिनी? माणूस येणार आहे परत?" आणि गेला.

आईंचा हा एकच उरला आहे, म्हणून मी त्याला काही बोलत नाही.

३० एप्रिल

शेळ्यांचे केस विंचरायचे दिवस. बोटं सुजली आहेत. गाडीकडे बघायला वेळ नाही. आई रोज संध्याकाळी विचारतात, "काही कळलं?" मी मान हलवते. त्या पुन्हा विचारत नाहीत, दुसऱ्या दिवसापर्यंत.

६ मे

आज डोकं लावलं. टाकी सोडूनच दिली. पेट्रोलचा डबा टपावर बांधला, त्यातून रबरी नळी थेट पंपाला जोडली आणि विहिरीपुढचा चढ चढले. चढली. वरपर्यंत गेले, आणखी पुढे गेले. एक आचका नाही.

म्हणजे पंप चांगला. कार्ब्युरेटर चांगला. पंपाच्या पुढे सगळं चांगलं. जे काही आहे ते टाकीत आहे किंवा टाकीपासून पंपापर्यंत आहे. आणि तिथल्या नळ्या, जाळी, फिल्टर मी सगळं स्वतःच्या तोंडाने तपासलेलं. मग उरलं काय?

काही उरत नाही! मला वेड लागेल.

८ मे

नंदिनला भेटायला जायचं ठरवलं. त्याच गाडीने, त्याच खिंडीतून. बंद पडली तर पडू दे, आता थंडी मारणारी नाही.

आईंनी टाकी भरताना शेजारी उभं राहून बघितलं. मी झाकण लावलं. त्यांनी वाटीतून बोटभर लोणी घेतलं आणि झाकणावर माखलं, गोल, हळूहळू, बाळाच्या टाळूला तेल घालावं तसं. त्यांच्या माहेरची रीत. आमच्याकडे नवीन घेरला, नव्या खोगिराला लोणी लावतात, पण टाकीच्या झाकणाला दर प्रवासाला लावणाऱ्या त्या एकट्याच. "याच तोंडाने ती खाते ना," म्हणतात. मग दूध शिंपडलं. मी निघाले.

खिंडीच्या शेवटच्या चढावर बंद पडली. ओवो, खिंडीच्या देवाचा दगडी ढीग, समोर दिसत होता, त्याच्या निळ्या पट्ट्या फडफडत होत्या. बहुतेक हीच जागा. मी काही वेळ स्टिअरिंग धरून नुसती बसले. तोही असाच बसला असेल. भोवती पांढरं, काही दिसत नाही, काच आतून गोठत चाललेली. त्याने दांडी मारली असेल, फिल्टर बघितला असेल, बोटं बधिर होईपर्यंत.

मग उतरले आणि सवयीने झाकण फिरवलं. आज वारा पडलेला होता, म्हणून ऐकू आलं.

सुस्स्स.

टाकीने श्वास घेतला. बाहेरची हवा आत ओढून घेतली, लांब, खोल. इतक्या वेळा झाकण उघडलं, पण वाऱ्यात कधी ऐकू आलं नव्हतं.

झाकण उलटं करून बघितलं. मधोमध एक बारीक भोक असतं, हवा आत यायला. पेट्रोल जितकं खाली जाईल तितकी हवा वरून आत यावी लागते, नाहीतर पंप ओढून ओढून थकतो आणि एक थेंब येत नाही. ते भोक बुजलेलं होतं. केसांची पिन घालून टोकरलं. बाहेर आलं ते पिवळं, काळं, थरावर थर. धूळ, केस. आणि लोणी.

पुढे गेले नाही. परत आले. एकदाही बंद पडली नाही.

९ मे

उठले नाही. आईंना सांगितलं, पोट दुखतंय.

१० मे

लिहून काढते, नाहीतर फुटेन.

मी दर वेळी झाकण उघडायची, म्हणून ती दर वेळी सुरू व्हायची. नळीवर टोले हाणल्याने नाही, काही आवळल्याने नाही. झाकण उघडल्याने. एवढंच.

त्याने उघडलं नाही. का उघडेल? त्याने स्वतः भरलं होतं. लोक म्हणतात पेट्रोल भरायला विसरला म्हणून मेला. विसरला असता, नुसती शंका जरी आली असती, तरी उतरून झाकण खोलून बघितलं असतं. आणि गाडी सुरू झाली असती, आणि संध्याकाळी तो नंदिनला घेऊन दारात उभा असता. त्याला खात्री होती म्हणून तो मेला. यादाम, तुला एवढी खात्री का होती रे?

आणि थंडीत ते लोणी दगडासारखं झालं होतं. आईंनी लावलेलं. सुखरूप जा म्हणून लावलेलं.

आत्ता त्या बाहेर वासराला हात चाटू देत उभ्या आहेत. त्याच्याशी बोलत आहेत. मला ऐकू येतं.

त्यांना हे सांगायचं नाही. कधीही नाही. माझी जीभ झडली तरी नाही.

१२ मे

आज हळूच म्हटलं, आई, पुढच्या वेळी लोणी स्टिअरिंगला लावाल का? चालवणाऱ्याच्या हाताला लागेल.

"स्टिअरिंगला?" जरा विचार केला. "बरं. तुझ्या हाताला लागू दे."

त्यांना काही कळलं नाही. बाहेर जाऊन मी टाकीचं झाकण पुन्हा एकदा पुसलं.

१४ मे

संध्याकाळी त्यांनी विचारलंच. मी एवढे दिवस मान हलवत होते, आज हलवली नाही, ते त्यांच्या लक्षात आलं. वाटी खाली ठेवली. "कळलंय तुला."

हो म्हटलं.

"काय निघालं?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पंप, म्हटलं. आत रबराचा पडदा असतो, तो वरखाली होऊन पेट्रोल ओढतो. तो जुना झाला होता. कडाक्याच्या थंडीत तडकला. वरून काही दिसत नाही, कोणालाच कळलं नसतं. त्यालाही नाही. टाकी भरलेली होती, आई. तुम्ही खरं सांगत होतात.

"मग चूक कोणाची?"

कोणाचीच नाही. रबर आहे, तडकतं.

त्या रडल्या नाहीत. चुलीत आणखी एक गोवरी सारली. मग म्हणाल्या, "बेफिकीर नव्हता." मी म्हटलं, नव्हता. पुन्हा म्हणाल्या, "नव्हता." मग उठून देव्हाऱ्यातला दिवा लावला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून माझं कपाळ हुंगलं. लग्न होऊन आले त्या दिवशी हुंगलं होतं, त्यानंतर आजच.

खोटं बोलल्याचं मला काही वाटत नाही. एका रबराच्या तुकड्यावर आळ घेतला. त्याला ना आई ना बाप.

१६ मे

आई आज चक्क जेवल्या. गोंबो काका येऊन गेले, टोपी काढून त्यांच्यापुढे बसले, माफी मागितली. आता तेच तालुकाभर सांगतील, टाकी भरलेली होती, पंप फाटला, माणसाची चूक नव्हती. नंदिनला फोनवर सांगितलं. तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "मी वर्गात सांगू?" सगळ्यांना सांग, म्हटलं.

आई येईल त्याला सांगतात. पडदा, पडदा. एवढासा शब्द मिळाला आणि बाई ताठ बसायला लागली. मला वाटलं होतं हे ओझं आयुष्यभर एकटीला वाहावं लागेल. आज ते हलकं वाटलं. वाहीन मी, काही मोठं नाही.

१९ मे

शारव आला. उंट घेऊन नाही, पायी. आईंनी त्याला चहा ओतला. तो दाराशीच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "वहिनी, काल गोंबो काकांनी सांगितलं. तो पडदा मी बसवला होता. हिवाळ्याच्या तोंडाला. जुन्या गाडीतून काढलेला. दादा म्हणत होता नवा आणू, मी म्हटलं हा चालेल." गाल ओले, आवाज मात्र सरळ. "मला पहिल्या दिवसापासून तीच भीती होती. म्हणून आलो नाही बघायला."

आईंनी ओतलेला चहा उचलला आणि परत किटलीत ओतला. त्याच्याकडे बघितलं नाही. "माझा एकच मुलगा होता," म्हणाल्या.

तो वळून चालू लागला. मी तोंड उघडलं. समोर आई होत्या, त्यांच्या बोटांना सकाळचं लोणी.

"दार लाव पोरी. वारा येतो."

मी दार लावलं.